तीन नंबरचा डबा

बुलढाण्याला डोळे दाखवून दुपारच्या एस.टी.ने आमच्या गावी, धाडला, परतलो. उतरतो न उतरतो तोच पानवाला म्हणाला, "मास्तर, दिगंबरराव गेले. सकायीच नेलं त्याहिले." मी तसाच त्यांच्या घराकडे वळलो. तीन वाजले होते… आमची रोजची वेळ. खोलीत पाहुणेमंडळी बसलेली दिसली आणि उंबऱ्यातूनच मागे फिरलो. याला आता दीड महिना होईल.

दिगंबररावांचा जन्म जलंबच्या रेल्वे यार्डात शंटिंग करण्यात, म्हणजे इंजिनाने डबे या रुळावरून त्या रुळावर लावण्यात गेला. रिटायर होऊन ते गावी आले, तर इथे रेल्वेचं नावही नाही, बायको आधीच गेलेली, मुलगा भुसावळला. मग त्यांनी एक सागवानी फळी घेतली, तिच्यात खाचा पाडून रूळ केले, डबे बाजूला सारायला तीन आखूड सायडिंगा काढल्या, एक लाकडी इंजिन आणि पाच डबे केले. डब्यांच्या छपरावर नंबर. खिडकीच्या कट्ट्यावर मावेल एवढं यार्ड! ते चिठ्ठ्या काढून क्रम सांगायचे, त्या क्रमाने मी इंजिनाने डबे ओढून-ढकलून लावायचे. जागा इतकी अपुरी की एक डबा सुटला की दुसरा अडकायचा. मी वैतागून बोट पुढे केलं की ते गरजायचे, "हात नाई लावाचा मास्तर! यार्डात डबा कोनी हातानं उचलते काय?"

मी मुळात तापट. एकदा आठवडाभर डाव जमेना, तेव्हा फळी सरकवून म्हणालो, "आज जमलं नाही तर उद्यापासून येत नाही." ते चहा करायला आत गेले. आणि मी, जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेल्या मास्तराने, तीन नंबरचा डबा उचलून जागेवर ठेवला. ते कपबशी घेऊन आले, बराच वेळ फळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हाव, जमलं. उद्या येजा बरं." नंतर वर्षभर मी रोज गेलो. कबूल करायचं रोज ठरवायचो, पण चहा पिऊन परत यायचो.

तेराव्यानंतर मुलाने फळी होती तशीच, डबे न हलवता, माझ्या घरी आणून दिली. "तुमीच ठेवा मास्तर. बाबा दुसऱ्या कोनाले हात लावू देत नोहते."

धूळ पुसताना प्रथमच नीट पाहिलं. प्रत्येक डब्याच्या एका टोकाला ब्रेक म्हणून बारीक खिळा ठोकलेला. चार खिळे उजवीकडे… तीन नंबरचा डावीकडे. घाईत मी तो उलटा ठेवला होता. असल्या यार्डात डबा कितीही पुढेमागे ढकला, त्याचं तोंड फिरत नाही, ते फक्त हातानेच फिरतं. हे शंटिंगवाल्याला मी सांगावं काय! म्हणजे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. वर्षभर रोज तो उलटा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. नियम मोडून तो सरळ केला नाही, आणि मी लाजून यायचा थांबेन म्हणून बोललेही नाहीत.

फार एकटं वाटतं मला. परवा दुपारी फळी पुढ्यात घेऊन मोठ्याने म्हणालो, "दिगंबरराव, डबा मी उचलला होता." ज्याला सांगायचं होतं त्याला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि आता ऐकायला कुणी नव्हतं.