अण्णांची फेज

आता आमच्या गल्लीत लाइट जात नाही. जाणार असली तर मोबाइलवर आधी निरोप येतो. बरंच झालं, खोटं कशाला बोलू? पण मे महिन्यातल्या दुपारी ओट्याओट्यांवर बसलेली ती गल्ली अजून आठवते.

तेव्हा शहागंजच्या मागं आमच्याकडं डीपीच्या पेटीतून तीन फेज यायच्या आणि घरोघरी मीटरशेजारी फेज बदलायचा खटका असायचा. एक फेज गेली की सगळे खटका फिरवून दुसरीवर. सगळ्यांचे कूलर तिच्यावर आले की तिचाही फ्यूज उडायचा. मग पळा तिसरीवर. पाच मिनिटांत तिन्ही ठप्प, आणि मग लाइनमनच्या नावानं बोटं मोडायला सगळे मोकळे. दर उन्हाळ्यात हेच चालायचं आणि अक्कल कुणालाच येत नव्हती, मलासुद्धा.

मग अण्णांचं मशीन आलं. अण्णा म्हणजे माझे वडील. वैजापूरच्या जिनिंगमध्ये उभी हयात कापसाची धूळ खाल्ली, म्हातारपणी श्वास पुरेना. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. लोडशेडिंगची वेळ ठरलेली असायची, तेवढ्यापुरता सिलिंडर होता. पण एका दुपारी गल्लीनं नेहमीसारख्या तिन्ही फेज घालवल्या आणि सिलिंडर जोडेपर्यंत अण्णांचे ओठ निळे पडले.

माझं तोंड तसंही गल्लीत प्रसिद्ध. अण्णांची धाप ओसरल्यावर मी भर उन्हात चौकात उभी राहिले आणि एकेका घराचा उद्धार केला. तुमच्या गारव्यापायी माझा बाप मारताय, असंही बोलले. समोरची खाला तेवढी घरात गेली, तिनं आपला खटका पहिल्या फेजवर आणला आणि सुनेला बजावलं की तिसरीला आता हात लावायचा नाय. तिथून ते घरोघरी पसरलं. तिसरी फेज अण्णांची.

त्यानंतर दोन उन्हाळे पहिल्या दोन फेज गेल्या की लोक ओट्यावर येऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचे. पोरं घामानं रडायची, आमच्या घरात मशीन घरघरत असायचं. अण्णांना लई अवघडल्यासारखं व्हायचं. ते मला म्हणायचे, त्यांना सांग गं, चालवा कूलर. मी कधीच सांगितलं नाही. उलट कुणाकडं पंखा फिरताना दिसला की डोकावून खटका बघून यायचे. विश्वास म्हणून नव्हता माझा.

अण्णा थंडीत गेले. तेराव्यापर्यंत मी कामात होते, पुढं शाळेच्या नोकरीत. रडायचं राहूनच गेलं.

पुढच्या मे महिन्यात नवा ट्रान्सफॉर्मर आणि जाड केबल टाकायचं ठरलं. त्याआधी भार मोजायला एक तरुण इंजिनिअर आला. भर दुपारी, सगळे कूलर चालू असताना त्यानं डीपी उघडली, एकेका वायरीला मीटर लावलं आणि गोंधळला. दोन फेजवर ओझं मावेना आणि तिसरी जवळपास रिकामी. वायर तुटलीय का म्हणून त्यानं दोनदा तपासलं. मग जरा चढ्या आवाजात विचारलं, की ही फेज धडधाकट असताना तुम्ही लोक वापरत का नाही?

ओट्यावरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी खालाकडं वळले.

"खाला, अण्णांना जाऊन पाच महिने झाले."

"मालूम है बेटी," ती म्हणाली. "हात नै उठा किसी का."

त्या परक्या पोरासमोर, गल्लीच्या मधोमध, मी अण्णांसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.