दारात बसलेली कमल

कमल गेल्याचं मला कळलं ते कळवणला, लेकीच्या घरी, कुरडयांचा चीक हाटताना. फोन आमच्या ह्यांचा. एरवी फोनवर आधी खोकतात आणि मग बोलतात. त्या दिवशी खोकले नाहीत. "निघ तू. कमलचं काही खरं नाही," एवढंच म्हणाले. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. मी हात पुसले आणि तशीच एसटीत बसले. वणीच्या अलीकडे मयूरीचा फोन आला. मयूरी कमलची नात, दिल्लीच्या पलीकडे कॉलेजात शिकते. म्हणाली, "मोठी आजी, घरातल्या कुणीतरी स्टेटस ठेवलंय. आजीचा फोटो आहे, वर भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलंय. हे काय आहे?" ... काय सांगणार होते मी तिला? स्टेटस टाकायला घरातल्यांचे अंगठे चालले, त्या पोरीला फोन करायला एकाचाही चालला नाही. ती रडत रडत म्हणत होती, सकाळपर्यंत थांबा, मी पोचते. थांबले नाहीत. "उन्हाळा आहे, ठेवता येत नाही." द्राक्षं ठेवायला आमच्याकडे गावोगाव कोल्ड स्टोरेज आहेत. कमलला एका रात्रीचा बर्फ मिळाला नाही.

आता कुणी म्हणेल, गेलेल्या माणसावर असं लिहितात का? जरा मऊ लिहावं, आठवणी सांगाव्यात. मला सध्या मऊ येत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं वाचणं-लिहिणं झालं ते फुलांच्या पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून. त्या रद्दीत मी पुष्कळ श्रद्धांजल्या वाचल्यात. सगळ्यांत माणूस प्रेमळ असतं, कष्टाळू असतं आणि सर्वांना सोडून गेलेलं असतं. कमलचा फ्लेक्स लागला चौकात, त्यावरही तेच लिहिलं होतं. खाली शोकाकुल म्हणून आमच्या घरच्या पुरुषांचे फोटो, आणि एकेकाचा फोटो तिच्याहून मोठा. गॉगल घातलेला एक शोकाकुलही होता त्यात.

कमल माझी धाकटी जाऊ. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर, थोडे टोमॅटो. एका अंगणात दोन चुली. थोरल्या दिरासमोर धाकटीनं तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. थोरला दीर म्हणजे आमचे हे. घरात, भावकीत सगळे त्यांना दादा म्हणतात. कमलला दादांना काही सांगायचं असलं की ती मला सांगायची, मग दादा अगदी समोर का बसलेले असेनात. पदर पुढे ओढून म्हणायची, "आक्का, त्यांना म्हणावं मोटर बंद करा, पाणी बांधावरनं चाललंय." दादांना ऐकू गेलेलंच असायचं. तरी तेही मलाच म्हणायचे, "तिला म्हणावं, करतो." मी मधल्यामधे टेलिफोन एक्स्चेंज. कित्येकदा मी काही बोलायच्या आधीच मोटर बंद झालेली असायची. हसू यायचं आम्हाला. पण त्या हसण्यात आयुष्य गेलं की हो तिचं! तिचा नवरा लवकर गेला, मग तिचा संजय कुठवर शिकणार, त्याचं लग्न कुठं करायचं, सगळं दादांनी ठरवलं. कमलला कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगायला तोंड कुठून आणायचं?

मयूरी ही संजयची मुलगी. ही पोरगी लहानपणापासून विचारत सुटायची. देवाला झेंडूच का, मग सदाफुली का नाही? दादा म्हणायचे, हिचं तोंड बंद करायला गोळ्या मिळतात का बघा. बारावीला तिच्या शाळेतल्या बाईंनी या कॉलेजचं सांगितलं. देशभरातून मोजकीच मुलं घेतात, निबंध लिहून मागतात, मग मुलाखत, आणि घरची परिस्थिती बघून फी माफ करतात. अंगणात सगळे बसलो होतो.

"तिथं शिकून काय होतात? इंजिनिअर?" दादांनी विचारलं.

"नाही, दादा."

"मग डॉक्टर?"

"नाही. इतिहास, गणित, नाटक, मानसशास्त्र... आधी सगळं थोडं थोडं घ्यायचं. नंतर आपलं आपण ठरवायचं."

"म्हणजे मिसळ," संजय म्हणाला. तो तिचा बाप. सगळे हसले.

कमल हसली नाही. नंतर मेथीच्या जुड्या बांधताना मला म्हणाली, "आक्का, त्या निबंधात काय विचारलंय म्हायतीय? तुला काय वाटतं, असं विचारलंय. मला आजवर कुणी नाय विचारलं. तुला विचारलं?" मी म्हटलं, "भाजी काय करू, एवढं विचारतात." "ते बी आपणच त्यांना विचारतो," कमल म्हणाली आणि जुडीला दोरा असा करकचून आवळला की मेथीची देठं तुटली.

निबंध पोरीनं लिहिला. पसंत पडला. मुलाखत लॅपटॉपवर होणार होती, लॅपटॉप शाळेतल्या बाईंचा. आणि इथं आमच्या घरानं जे केलं ते आमचंच घर करू जाणे. आमच्याकडे मुलीला बघायला कुणी आलं की मुलगी मान खाली घालून बसते आणि घरचं मोठं माणूस तिच्या वतीनं बोलतं. दादांच्या डोक्यात मुलाखत म्हणजे तेच. कडक टोपी घालून ते मयूरीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, मागे संजय, त्याच्या मागे भावकीतले दोघे-तिघे. पडद्यावर एक सर आणि एक मॅडम. मॅडमनं नमस्कार केला आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत विचारलं, की एखाद्या गोष्टीबद्दल तुझं मत कधी बदललंय का? मयूरीनं तोंड उघडलं तोवर दादा पुढे सरसावले. "नहीं नहीं, हमारी लडकी एकदम सीधी है. एक बार बोल दिया तो बोल दिया. घर में कभी किसी को उलटके नहीं बोली." मॅडम म्हणाल्या, आम्हाला तिच्याकडून ऐकायला आवडेल. दादा म्हणाले, "वो शरमाती है. हमको पूछो. खाना भी सब आता है उसको."

मी आणि कमल स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. पोरीचे कान लाल झाले होते. लग्नाच्या बाजारात ज्याला प्रमाणपत्र म्हणतात, ते दादांनी मोठ्या प्रेमानं दिलं होतं. तिचं भलं व्हावं म्हणूनच दिलं होतं, हे लिहिते. पण भलं करायची ही कुठली तऱ्हा, की पोरीचा श्वासही आपणच घ्यायचा?

नशीब त्या माणसांचं चांगलं की मयूरीचं, ठाऊक नाही. त्यांनी नाही म्हटलं नाही. पुन्हा बोलू म्हणाले, पण या वेळी खोलीत दुसरं कुणी नको. दादा भडकले. "कुणी नको म्हणजे? आम्ही कोण? पोरीशी दार लावून काय बोलायचंय त्यांना? मी बसणार म्हणजे बसणार." संजय खाली बघत टेंपोची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. त्याचं तेवढंच एक मत असतं, किल्ली फिरवणं.

मुलाखतीच्या वेळी मयूरी आतल्या खोलीत गेली. कमलनं टोमॅटो भरायचं एक निळं प्लॅस्टिकचं कॅरेट आणलं, दारासमोर उपडं टाकलं आणि त्यावर बसली. पुढ्यात मेथीचा ढीग. आतून पोरीचा आवाज येत होता, इंग्रजीत, आधी अडखळत. तेवढ्यात दादा टोपी सारखी करत आले. रीतीप्रमाणे माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला म्हणावं, बाजूला हो."

मी निरोप पोचवायला तोंड उघडणार, तर कमलनं पदर मागे केला. दादांकडे सरळ बघितलं. आणि त्यांच्याशी बोलली. माझ्यातून नाही. त्यांच्याशी.

"नाय होणार."

एवढं बोलून थांबली असती तरी पुरलं असतं. पण इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. "माझ्या बाबतीत तुम्ही बोललात. संजयच्या बाबतीत तुम्ही बोललात. आता आत पोरगी बोलतीय, तिचं तिला बोलू द्या. जायचं तर मला उचलून जावा." धाकट्या भावजयीला हात लावणार कसे? रीत तिथंही होतीच. जिनं तिचं तोंड बांधलं होतं, तीच रीत तिनं त्यांच्या आडवी घातली. दादा माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बसून मेथी पुढ्यात ओढली. ते परत फिरले तेव्हा विहिरीपर्यंत खोकल्याचा आवाज येत होता.

मुलाखत संपल्यावर मयूरी बाहेर आली, हसत होती, डोळे भरलेले. मॅडमनं तोच प्रश्न परत विचारला होता म्हणे, मत बदललंय का? "मी सांगितलं, माझी आजी भित्री आहे असं मला वाटायचं. आत्ताच बदललं. दाराबाहेर." कमलला त्याचा आनंद व्हावा ना? ती उलट फणकारली, "भित्री? मी? मी कधी गं भित्री होते? आक्का, सांग हिला!"

पुढं प्रवेश झाला. चौकात फ्लेक्स लागला, हार्दिक अभिनंदन, आणि मधोमध दादांचा फोटो. पेढेही त्यांनीच वाटले, "मुलाखतीला मी होतो" असं सांगत. कमल मात्र मयूरीला आठवड्याला व्हिडिओ कॉल करायची. "काय शिकवलं आज?" "आज आजी, झोप म्हणजे काय, यावर तास होता." "त्यात काय शिकायचं? झोपायचं." शेजारणी खवचटपणे विचारायच्या, नात तिथून निघून काय होणार? कमल म्हणायची, "ती ठरवणार." "पण काय ठरवणार?" "आता ते मी सांगितलं तर तिनं काय ठरवायचं, बाई?"

आणि अशी बाई, छातीत दुखतंय म्हणाली तर सगळ्यांनी मिळून ठरवलं की पित्त आहे. दादांनी ओवा द्यायला सांगितला. संजयनं सोडा आणला. मी इथं असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण एकानं तरी तिला विचारावं ना, कमल, तुला काय वाटतंय? ... तिला विचारलं नाही. शेवटच्या दिवशीही नाही.

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला, तर मालेगावकडचे एक पाहुणे मोठ्यानं म्हणाले, "नातीत जीव अडकलाय. पोरगी लांब धाडली, बाईनं हाय खाल्ली." माना हलल्या. मयूरी तिथंच उभी होती. तिच्या देखत! पोरीच्या अंगावर आजीचं मरण टाकून मोकळे झाले. ओव्याचं आणि सोड्याचं नाव कुणी काढलं नाही. पुढची पायरी ठरलेलीच. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, अशी समजूत. त्याच पाहुण्यांनी स्थळ काढलं. मुलगा चांगला, द्राक्षाचा बाग. "कमलच्या आत्म्याला शांती मिळेल." दादा म्हणाले, बघू. त्यांच्या बघूचा अर्थ मला लग्नापासून पाठ आहे.

तेराव्यानंतर मयूरी परत निघाली, परीक्षा तोंडावर होती. गाडी दुपारची, नाशिकरोडहून. सकाळी दादांनी सांगितलं, पाहुणे चारला येतायत, ती जाणार नाही. संजय किल्ली फिरवायला लागला. पोरगी आतल्या खोलीत बॅग भरून बसलेली. जिला झोपेवरसुद्धा बोलता येतं, तिला आम्ही पुन्हा मुकी करून दाखवली.

ते निळं कॅरेट पडवीत होतं. मी आणलं, दारात उपडं टाकलं, बसले. माझे गुडघे असे की बसताना देव आठवतो.

"हे काय?" दादा.

"मेथी निवडतेय."

"मेथी कुठंय?"

"येईल. तुम्ही पाहुण्यांना फोन करा, येऊ नका म्हणावं. कमलनं ह्याच्यावर बसून एकदा सांगितलंय तुम्हाला. मला परत सांगायला लावू नका. आणि संजय, ती किल्ली फिरवायची नसते, लावायची असते. टेंपो काढ."

संजय उठला. खरंच उठला. दादा अंगणातच होते. मग मयूरी बॅग घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "तिला म्हणावं, डबा घेतला का?"

मी म्हटलं, "समोर उभी आहे. तुम्हीच विचारा. माझं एक्स्चेंज कमलबरोबर बंद झालं."

विचारलं त्यांनी. आधी खोकले, मग विचारलं. म्हणून माझा राग गेला असं कुणी समजू नये. हा लेख ते वाचणार आहेत, वाचू देत. मयूरी पोचली, परीक्षा दिली, आता रोज मला फोन करते आणि काय शिकवलं ते सांगते. निम्मं मला कळत नाही, मी ऐकते.

टोमॅटोची तोडणी चालू आहे, कॅरेटं कमी पडतात. काल संजय ते निळं उचलायला लागला. मी म्हटलं, ठेव तिथं. पाहुण्यांचा निरोप आलाय, मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की येतो. वर्ष अजून सरलेलं नाही. कॅरेट दारातच आहे.