कुशीच्या चिलखताचा रंग

बसा, बसा. आणि असं खुर्चीला हात लावून काय बघताय? कोरडी आहे! माझ्या घरी येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी बोट लावून बघतो, हीच काय ती माझी जन्माची कमाई. चहा येतोय. तोवर माझी जी फजिती झाली ती ऐका, म्हणजे तुमच्यातल्या ज्यांच्या पँटी मी बिघडवल्या त्यांचा जीव थंड होईल.

माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे. पाचवीत मास्तरांच्या खुर्चीला डांबर लागलं आणि माझी शाळा संपली. मग हातात ब्रश आला. लोधिवलीपासून कर्जतपर्यंत दारं, शटर, टेंपो, पाण्याच्या टाक्या, काय म्हणाल ते रंगवलं. सीझनच्या आधी माथेरानला हॉटेलांची बाकं रंगवायला जायचो. मालक पाटी लावायचा, ‘रंग ओला आहे’. मालक आत गेला की मी पाटी काढायचो! एकदा एक मुंबईचे शेठ पांढऱ्या पँटीवर तीन हिरवे पट्टे घेऊन आगगाडीपर्यंत चालत गेले. मागून घोडेवाले सलाम ठोकत होते. शेठना वाटलं, काय मान आहे आपल्याला इथे!

तर असा मी. मग सख्ख्या बहिणीला सोडेन का?

कुशी माझी धाकटी बहीण, लोधिवलीला दिलेली. एका दिवाळीला म्हणाली, “दादा, माझ्या दाराला आकाशी रंग दे रं.” मी म्हटलं, आकाशी काय, तुला परदेशी शेड देतो! आणि टेंपोचा उरलेला निळा, माथेरानच्या खिडक्यांचा हिरवा, टाकीचा रेड ऑक्साईड, कुठला तरी तळाशी बसलेला पिवळा, सगळं एका डब्यात ओतून काठीनं ढवळलं आणि दिलं फासून. काय रंग झाला म्हणून सांगू! त्याला नाव नाही. डबक्यातून उठलेली म्हैस उन्हात अर्धी वाळली की दिसते, तसा काहीसा.

सगळी आळी हसली. कुशी नाही हसली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. घराला दृष्ट नाय लागायची.”

पुढे मलाच लाज वाटायला लागली. दर वर्षी म्हणायचो, “कुशे, बदलून देतो गं, फुकट देतो.”

“हात लावशील तर बघ!”

भाऊबीजेला माझा पाट मुद्दाम दाराकडे तोंड करून मांडायची. ओवाळताना म्हणायची, “बघ आपलं काम, आन मग लाडू खा.” इतकी वर्षं मी त्या दाराकडे बघत लाडू खाल्ले. माणूस रोज बघतो ते शेवटी त्याला दिसेनासं होतं, हे मला तेव्हा कुठे माहीत?

मग कुशीला छातीचं दुखणं लागलं. ओट्यावरून अंगणात उतरायचं म्हटलं तरी धाप. शेत सुटलं, बाजार सुटला. तिची मुलगी मनीषा पनवेलला नोकरीला. तिनं आईच्या फोनमध्ये एक गेम घालून दिला. त्यात एक बाई, अंगात चिलखत, डोक्यावर लोखंडी टोप, हातात तलवार. मनीषा तिकडून खेळायची, ही इकडून. जिला स्वतःच्या अंगणात जाता येत नव्हतं ती तिथे घोडा उधळत डोंगर चढायची, आणि ओरडायची, “मने, मागून ये गं, मी ह्याला बघते!” मी गेलो तर म्हणायची, “दादा, चहा तुझा तू करून घे, माझी लढाई चालू हाय.”

तिथल्या लढाया जिंकली. इथली हरली.

त्यानंतर आमचे दाजी, कुशीचे मालक, बोलेनासे झाले. मी किती सोंगं केली! एकदा त्यांच्या चपला कोंबड्याच्या खुराड्यात टाकल्या. आधी माणूस काठी घेऊन मागे लागला असता. आता गुपचूप खुराड्यात हात घालून चपला काढल्या, पुसल्या आणि घातल्या. यात काय मजा सांगा? वर्षभर मी त्या माणसाला हसवायला झटत होतो, आणि दाजी फक्त एक करायचे. सकाळ-संध्याकाळ कुशीचा फोन उघडून ती चिलखतवाली बाई बघायची. खेळता येत नव्हतं. नुसती बघायची. ती आपली श्वास घेत उभी असायची. हो, त्या गेममधली माणसं नुसती उभी असली तरी त्यांची छाती वरखाली होते.

वर्षश्राद्ध जवळ आलं. मी ठरवलं, आता ते दार बदलायचं. पाहुणे येणार, आणि अडवणारी तर गेली. दाजी सामान आणायला कर्जतला गेले ते बघून मी दार घासलं आणि झकास चॉकलेटी रंग दिला. काय चमक! मग वाळेपर्यंत ओट्यावर बसलो. शेजारी कुशीचा फोन चार्जिंगला होता. उघडला.

बाई उभी. आणि मी पहिल्यांदा पेंटरच्या नजरेनं तिच्याकडे बघितलं. चिलखताचा रंग काय म्हणावा! मळकट, ना हिरवा ना तपकिरी. मला वाटलं, अरे, हा तर प्रायमर! कंपनीनं अस्तर मारून दिलंय आणि बिचारीचं वर रंग द्यायचं राहूनच गेलं!

म्हटलं, बहिणीचं राहिलेलं काम भावानं नाही करायचं तर कोणी?

इकडेतिकडे बोट लावता लावता रंगांची चकती सापडली. आहाहा! एवढं मोठं शेडकार्ड मी जन्मात पाहिलं नव्हतं. टोप वेगळा रंगवा, खांदे वेगळे, छाती वेगळी, बूट वेगळे. ओघळ नाही, वास नाही, दुसरा हात नाही! पण रंग कुठला घ्यायचा? पांढरा नको, दुखवट्याचा. भगवा लावला तर एक पार्टी विचारायला येणार, निळा लावला तर दुसरी, हिरवा लावला तर दोघी मिळून. आपल्याकडे साधा रंग म्हणून रंग उरलाय का? शेवटी साड्यांकडे वळलो. छातीला राणी, खांद्यांना पोपटी, टोपाला अबोली आणि सगळ्याला सोनेरी काठ. कडेला गडद, मधे फिकं, हा आमच्या धंद्याचा नियम. खाली दोन बटणं आली, इंग्रजी. एक लाल, एक हिरवं. हिरवं दाबलं.

हळदीला निघालेला टेंपो बघितलाय? अगदी तशी दिसायला लागली. मी खूश! म्हटलं, आज दाजी हसले नाहीत तर नाव बदलीन.

दाजी आले. दाराशी थांबले.

“झालं?”

“झालं. कसं वाटतंय?”

“बरं.”

पिशवी आत ठेवली, पाणी प्याले, फोन घेऊन नेहमीच्या जागी बसले. मी खांबाआडून बघतोय, आता हसतील, मग हसतील.

“पेंटर,” दाजी म्हणाले, “ही कोन?”

“कोण म्हणजे? कुशीची बाई! नटवली जरा.”

“मंग कुशीची कुठं गेली?”

मी म्हटलं, “दाजी, तो रंग नव्हता, नुसता प्रायमर होता.”

“तिचा व्हता तो लावून द्या.”

“अहो पण…”

“लावून द्या, पेंटर.”

एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मी चकतीवर बोट फिरवायला घेतलं. एक रंग शेवाळासारखा आला, एक शेणासारखा, एक आजारी माणसाच्या तोंडासारखा. दाजी प्रत्येकाला मान हलवायचे. शेवटी मनीषाला फोन लावून सगळं सांगितलं.

“मामा!” ती तिकडून किंचाळली. “काय करून ठेवलंत? तो रंग आईनं स्वतः बनवला होता, आता परत यायचा नाही!”

“बनवला? असला?”

“फोन घेऊन उंबऱ्यात बसायची. बोट फिरवायची, वर बघायची, परत बोट फिरवायची. किती तरी दिवस तेच. मी म्हटलं, आई, गुलाबी घे ना, छान दिसेल. तर म्हणाली, गुलाबी कोनी पन घालील. ह्यो घातला का दृष्ट नाय लागत.”

“फोटो असेल ना गं एखादा?”

तीन फोटो आले. एकात बाई शेकोटीपाशी, म्हणून केशरी. एकात बर्फात, म्हणून राखाडी. एकात गुहेत, तिथे तर बाईच दिसत नव्हती! तिकडे मनीषा रडायला लागली, इकडे दाजी भिंतीकडे तोंड करून बसले. एका बोटानं मी दोन माणसांची बाई घालवली होती. आणि हे सगळं कशासाठी? हसवायला!

मी उठलो. म्हटलं, काचेवर बोट फिरवणं हे आपलं काम नव्हे. आपलं काम डब्याचं. गाडीवरचे उरलेले डबे काढले, फरशीचा एक तुकडा घेतला आणि अंगणात बसलो.

“दाजी, इकडं या. मी मिसळतो. तुमी फक्त सांगा.”

हिरव्यात थोडा निळा टाकला.

“लईच हिरवा.”

रेड ऑक्साईड टाकला.

“मळका पायजे अजून.”

“किती मळका?”

“तिचा व्हता तेवढा.”

पिवळ्याच्या डब्याचा तळ खरवडला, काठीनं ढवळलं. हात आपोआप चालत होता. डोकं मागे राहिलं, हात पुढे गेला. इतक्यात दाजींनी माझं मनगट धरलं.

“थांबा. ह्योच.”

मी फरशीकडे बघितलं. टेंपोचा निळा. खिडक्यांचा हिरवा. टाकीचा लाल. तळाचा पिवळा. डबक्यातून उठलेली म्हैस, अर्धी वाळलेली.

मान वळवून दाराकडे बघितलं. दार चॉकलेटी, चकाचक. ब्लेड घेतलं आणि खालचा कोपरा खरवडला. नव्या रंगाची साल निघाली आणि घासूनही उरलेला नखाएवढा जुना तुकडा आत दिसला. तोच. उंबऱ्यात बसून वर बघायची म्हणजे काय बघायची, ते तेव्हा कळलं.

दाजी एकदा फरशीकडे, एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

“पेंटर, तुमी सोता केलेला रंग तुमाला वळखता आला नाय?”

मला आजवर शिव्या कमी पडल्यात? पण अशी नाही पडली.

दुसऱ्या दिवशी मनीषा आली. फरशी फोनशेजारी धरली, आईसारखीच उंबऱ्यात बसली आणि बोट फिरवत राहिली. टोप झाला, छाती झाली, खांदे झाले. फोन दाजींच्या हातात दिला. त्यांनी बघितलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता दार.”

अहो, पन्नास गावांत रंग दिला, पण तो रंग कोणी मागून घेतला असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं! श्राद्धाच्या आदल्या दिवशी दार पुन्हा होतं तसं केलं. आणि कधी नाही ते, स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली. ‘रंग ओला आहे.’ चांगली वीतभर अक्षरं.

दिवस उजाडला. पाहुणे आले. येणारा प्रत्येक जण दार बघायचा आणि मग मला.

“काय पेंटर, नजर गेली काय?”

“मोतीबिंदू काढून घ्या आता.”

“फुकटात मिळाला असंल रंग!”

एरवी मी एकेकाला दहा सुनावल्या असत्या. त्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन फिरत राहिलो. अंगणाच्या टोकाला कावळ्याचं पान ठेवलं होतं, सगळे तिकडे तोंड करून उभे, मी सगळ्यांच्या मागे, ओट्यावर. कावळा काही येईना. कोणी म्हणालं, जीव कशात तरी अडकलाय. मी मनात म्हटलं, कुशे, काय राहिलं गं? दार दिलं परत. बाई दिली परत. अजून काय हवंय? उभं राहून पाय भरून आले. मागे टेकलो.

आणि कावळा आला! सगळ्यांनी श्वास सोडला, घराकडे वळायला लागले. मी पण पान बघायला त्यांच्यातून वाट काढत पुढे झालो. मागून कोणी तरी फिसकन हसलं.

पांढरा सदरा होता माझा, श्राद्धाचा. खांद्यापासून कमरेपर्यंत, दाराच्या चौकटीसकट, कड्या-कोयंड्यासकट, अख्खं दार पाठीवर उठलं होतं. सगळ्या गावानं पाटी वाचली. पाचवीतल्या पोरांनी वाचली. वाचली नाही ती लिहिणाऱ्यानं!

मनीषा डोळे पुसत पुसत हसत होती. “मामा, आईचं चिलखत घातलंत!”

आणि दाजी? दाजी खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. तर हसत होते हो! पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी. म्हणाले, “पेंटर, आता तुमाला पन दृष्ट नाय लागायची.” वर्षभर सोंगं करून जे जमलं नाही ते मी नुसता टेकलो आणि झालं.

तो सदरा तिथे खुंटीला आहे बघा, दाराआड. बायको रोज विचारते, डाग का काढत नाही म्हणून. मी सांगतो, टर्पेंटाइन संपलंय.

काय बघताय असं? पेंटरच्या घरातलं टर्पेंटाइन संपू शकत नाही का? आणि ती कोपऱ्यातली बाटली उघडू नका. तिच्यात रॉकेल आहे.