पायोनिअर आजीची मुलाखत

माझी नात चौथीत आहे. तिच्या शाळेत दर वर्षी एक दिवस साऱ्या मुली डोक्याला झालरीच्या टोप्या बांधतात आणि जुन्या काळच्या शेतकरणी होतात. त्याआधी घरी एक कागद येतो : तुमच्या कुटुंबातल्या पायोनिअर स्त्रीची, म्हणजे इथं सगळ्यांत आधी येऊन वसलेल्या बाईची, मुलाखत घ्या, नाहीतर तिची माहिती गोळा करा. नातीच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींकडे नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या, घोडागाडीतून इथवर पोचलेल्या, मातीच्या झोपडीत बाळंत झालेल्या खापरपणज्या आहेत. आमच्याकडे मी आहे.

घोडागाडीत बसायचा योग मला काही आला नाही. मी विमानानं आले, मांडीवर प्रेशर कुकर घेऊन. सामानात टाकला तर झाकण वाकेल, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. नातीला मात्र हे सगळं चाललं. “इट काउंट्स, आजी,” असं म्हणून तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि एका रविवारी दुपारी, अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावच्या घरात, डायनिंग टेबलावर माझी मुलाखत सुरू झाली.

पहिले प्रश्न सोपे होते. बरोबर काय आणलंस? कुकर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला आणि भूगोलाबद्दलचं घोर अज्ञान. लांडगे होते का? नव्हते. खायला काय होतं? इथे नातीनं उत्तर विचारलंच नाही, आपणहून लिहायला घेतलं, कारण ते तिला पाठ होतं. आमच्या ह्यांना चारचौघांत एक गोष्ट सांगायची भारी हौस. इथं तेव्हा नुसती शेतं होती, देशी माणूस औषधालाही नव्हता आणि अशा उजाड मुलखात आमच्या हिनं पहिलं दही लावलं! लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मी मान खाली घालून वाढत राहायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच त्यांना टोकायला हवं होतं. पण ते रंगात आले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकायला बरं वाटत होतं. हे जाऊन आता तीन वर्षं झाली. गोष्ट मात्र ठणठणीत आहे. मागे इथल्या मराठी मंडळींनी मला ‘आद्य भगिनी’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं, तेही मी विनम्रपणे घेतलं. नारळाची बर्फी केली.

पाचवा प्रश्न नातीनं मोठ्यानं वाचला. “तुझ्याआधी इथे कोण होतं, अँड व्हॉट डिड दे टीच यू?”

“हा कसला प्रश्न?”

“टीचर म्हणते, पायोनिअर्सना वाटायचं लँड एम्प्टी आहे. बट इट वॉझन्ट. देअर वेअर पीपल हिअर. त्यांनी पायोनिअर्सना सगळं शिकवलं, अँड देन दे गॉट पुश्ड आउट. म्हणून विचारायचं.”

“माझ्याआधी कोणी नव्हतं,” मी सवयीनं म्हणाले.

“नोबडी? आजी, इट्स टेन पॉइंट्स.”

मी चहा टाकायला उठले. दहा मार्कांसाठी मी आयुष्यात पुष्कळ काही केलं आहे, पण खरं बोलल्याचं आठवत नाही. चहा होईपर्यंत ओट्याशी उभी राहिले आणि कप घेऊन परत येऊन बसले. “एक होत्या,” मी म्हटलं.

त्या होत्या नागपूरच्या ताई. आमच्यापासून तिसरं घर. माझ्या दोन वर्षं आधी आलेल्या, माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या, पण पहिल्याच दिवशी मी त्यांना ताई म्हणायला लागले आणि त्यांनी मला अगं-तुगं. दही ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं की लागतं, हे त्यांनी सांगितलं. विरजणही त्यांच्याच घरचं. थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्याला विजेची वायर जोडून ठेवायची, डिकीत वाळूची पोती टाकायची म्हणजे चाकं घसरत नाहीत, हे त्यांच्याकडूनच कळलं. मोकळ्या पार्किंगमध्ये बर्फावर त्यांनी मला गाडी शिकवली. मी रडायला लागले की म्हणायच्या, “रडून काय राहिली? ब्रेक सोड ना!” मी पुण्याची. आम्हांला कोणी असं बोलत नाही, आणि बोललं तर आम्ही ते विसरत नाही. पण त्यांचं बोलणं मला लागत नसे. पहिला हिवाळा मी काढला तो त्यांच्या जिवावर.

संक्रांतीचं पहिलं हळदीकुंकू आम्ही दोघींनी केलं. म्हणजे त्यांनी मला कुंकू लावलं आणि मी त्यांना. पुढे बायका वाढत गेल्या, तसं ते माझ्या घरी भरायला लागलं. सगळं इथल्या सोयीनं. तिथी कोणतीही असो, हळदीकुंकू शनिवारी. तेही रेडिओवर बर्फाचा अंदाज ऐकून. तीळ चायनीज दुकानातले, गूळ नाही म्हणून ब्राउन शुगर, वाण म्हणून प्लॅस्टिकचे मेजरिंग कप. एका वर्षी तर मी बायकांना हिमबुटांसकट पाटावर बसवलं. शास्त्र इतकं वाकवलं की त्याला पुन्हा सरळ उभं राहता येऊ नये.

मग एका नोव्हेंबरात ताईंचे मिस्टर दारातला बर्फ उपसताना कोसळले आणि गेले. तेरा दिवस मी दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यांच्याकडे पोचवला. त्यांच्या मुलांना शाळेत सोडलं. माझं फार कौतुक झालं. जानेवारीत मी हळदीकुंकवाची यादी घेऊन फोनशी बसले आणि नऊ जणींना बोलावलं. दहावा नंबर फिरवला नाही.

मला कोणी अडवलं नव्हतं. सासू आठ हजार मैलांवर. भटजी राज्यात एकही नाही. ज्या बाईनं मेजरिंग कप वाण म्हणून लुटले होते, तिला नेमका तेवढा एक नियम सरळ ठेवावासा वाटला. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, असं मी मनाशी म्हटलं. त्यांचं अवघडणं परस्पर मीच ठरवून टाकलं. आदल्या दिवशी त्यांचाच फोन आला, “तीळ भाजले का? येऊ का लाडू वळायला?” मी म्हटलं, “या वर्षी काही करत नाहीये, ताई.” दुसऱ्या दिवशी माझ्या दारात नऊ गाड्या उभ्या होत्या.

ताई त्यावर कधीच काही बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी घर विकून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या. गणपतीत भेट व्हायची, “बरी आहेस?” “बरी आहे.” तेवढंच. हे गेल्यावर पहिल्याच संक्रांतीला इथल्या तरुण मुलींनी मला आग्रहानं नेलं. “काकू, तसलं काही नसतं आता, यार! तो रूल आम्ही कॅन्सल केला.” मी छान साडी नेसून गेले, कुंकू लावून घेतलं, फोटोत मधोमध बसले. माझी पाळी येईपर्यंत नियम मोडलेला होता आणि मोडणारी मी नव्हते. घरी येऊन मी ताईंना फोन करायला हवा होता. नाही केला. लाज वाटली.

हे सगळं मी नातीला सांगितलं, थोडं गाळून. खोटं बोलल्याचंही सांगितलं. ते गाळणार होते.

“पण व्हाय डिडन्ट यू इन्व्हाइट हर?”

“त्यांचे मिस्टर वारले होते, बाळा.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. काहीतरी आपल्यालाच कळलेलं नाही असा चेहरा करून म्हणाली, “बट आजी, दॅट्स व्हेन यू इन्व्हाइट पीपल.”

मग तिनं रबर घेतला आणि कागदाच्या वरचं माझं नाव खोडलं. “सॉरी. शी वॉज फर्स्ट. त्या आहेत का अजून? कॅन वी कॉल हर?”

नंबर माझ्याकडे होता. नातीनं तो स्पीकरवर लावला. “कोण बोलून राहिलं?” आवाज तसाच होता, जरा बारीक झालेला. नातीनं सगळे प्रश्न विचारले आणि ताईंनी हसत-हसत उत्तरं दिली. लांडगे होते म्हणाल्या! माझ्याबद्दल म्हणाल्या, “तुझी आजी? फार हुशार. दोन दिवसांत ड्राइव्ह करायला शिकली.” शेवटचा प्रश्न होता, सगळ्यात कठीण गोष्ट कोणती होती?

“द कोल्ड,” ताई म्हणाल्या. “तुझी आजी बाजूलाच बसली आहे ना? मग थंडीच लिही, बेटा.”

नातीनं लिहिलं. मी फोन जवळ ओढला. “ताई, त्या वर्षी मी हळदीकुंकू केलं होतं. तुमच्याशी खोटं बोलले.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “तुझ्या दारात गाड्या दिसल्या, तशी साडी नेसून बसली होती मी खिडकीशी. म्हटलं, ऐनवेळी ठरलं असेल, घाईत विसरली असशील, करशील आता फोन.”