बाबांच्या खुणा आणि मी मारलेला फॉरमॅट

आमच्या घरातला लॅपटॉप मी आयुष्यात एकदाच दुरुस्त केला.

ही २००७ च्या आसपासची गोष्ट. माझा मेव्हणा प्रशांत मुंबईत एका कॉम्प्युटर कंपनीत होता. नवीन लॅपटॉप घेतल्यावर त्याने जुना आम्हाला आणून दिला. वजन साधारण मसाला वाटायच्या पाट्याएवढं. बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर लावली तरच चालणार, आणि वायरची पिन एका ठरावीक कोनात धरली तरच वीज आत जाणार. तरी आमच्या वाडीतला तो पहिलाच लॅपटॉप, आणि तो चालवणारा पहिला माणूस मी. कट्टा गावच्या हायस्कुलात मी क्लार्क होतो. ओरोसला जाऊन तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स केला होता, आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं. त्यामुळे कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तरी लोक मलाच बोलवत (आणि मी जातही असे).

आता बाबांविषयी. बाबा चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे होडीवरचा शब्द त्यांचा. गुडघे गेले आणि ते पडवीत येऊन बसले, पण डोक्यात समुद्र तसाच होता. पाण्याखाली कुठे खडक आहे आणि कुठल्या खडकावर गोबरे, तांबोशी असले मासे बसतात, हे वरून दिसत नाही. ते किनाऱ्याकडे बघून ओळखायचं. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचा एकटा ताड एका रेषेत आले, आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज टेकडीच्या खांद्याला टेकला, की होडी थांबवायची. अशा तीस-चाळीस खुणा बाबांच्या डोक्यात होत्या. त्यांनी त्या सख्ख्या भावालाही सांगितल्या नव्हत्या.

मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. "बाबा, ह्यां सगळां लिवून ठेवूक होयां." शेवटी ते कबूल झाले. तो सगळा हिवाळा, संध्याकाळचा चहा झाला की बाबा सांगत आणि मी दोन बोटांनी टाइप करी.

"कळस झालो?"

"कळस झालो, बाबा."

"मगे आता ताड घी."

असं करत आम्ही एकोणतीस खुणांपर्यंत आलो, आणि लॅपटॉप आजारी पडला.

कारण मीच. शाळेतला पेन ड्राइव्ह मी घरी आणून लावला होता, त्यातून व्हायरस आला. लॅपटॉप सुरू होई, निळा पडदा दाखवी, चार ओळी इंग्रजी बोले आणि आपला आपण बंद होई. मग पुन्हा सुरू, पुन्हा निळा. बाबा दोन दिवस ते शांतपणे बघत होते. "तेका काय तरी सांगूचा आसा," ते म्हणाले.

मी प्रशांतला फोन लावला. आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात, म्हशीच्या शेजारी येई.

"भावोजी, विंडोज नव्याने टाकावी लागेल," प्रशांत म्हणाला. "माझ्याकडे आणून द्या, नाहीतर कुडाळला कुणाला तरी दाखवा."

"मी कोर्स केला आहे, प्रशांत."

 "बरं. मग नीट ऐका. लॅपटॉपमध्ये दोन कप्पे आहेत, सी आणि डी. सेफ मोडमध्ये चालू करून तुमची फाइल आधी डी मध्ये ठेवा. मग लॅपटॉपबरोबर दिलेली विंडोजची सीडी घालून सगळं सी वर टाका. सी पुसला जाईल. डी तेवढा सांभाळा."

हे मी तळहातावर बॉलपेनने लिहून घेतलं. फाइल व्यवस्थित डी मध्ये ठेवली. इथपर्यंत माझं काहीही चुकलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

रविवारी सकाळी आंघोळ करून बसलो. सीडी घातली. सीडीचं दार खाऱ्या हवेने सैल झालं होतं, ते मिटून राहीना, म्हणून माझी बायको सुलभा हिने केसांचं रबर बांधून दिलं. पण लॅपटॉप सीडीकडे बघेचना, थेट निळा पडदा. सुरू होताना एक बटण दाबून आधी सीडी वाच असं त्याला सांगावं लागतं, हे मला आठवत होतं. कुठलं बटण, हे आठवत नव्हतं. मी वरच्या रांगेतली बटणं क्रमाने, दर वेळी लॅपटॉप बंद-चालू करून, दाबून पाहिली. अकराव्या वेळी सीडी गरगरली. सुलभा म्हणाली, "पेटी वाजवतंस काय?"

पडद्यावर कप्प्यांची यादी आली. खाली बरंच इंग्रजी होतं, पण मला घाई होती. डी सुखरूप आहे ना, ते आधी बघावं म्हणून मी त्याच्यावर गेलो आणि डी दाबला. मशीनने नक्की का, असं विचारलं. त्याचा काळजी घेणारा स्वभाव मला आवडला. पुढे जायला एल दाबा, असं त्यात होतं. आमच्या लॅपटॉपवर डी च्या आधी 'लोकल डिस्क' असं लिहिलेलं असे. एल म्हणजे लोकल, हे मी कोर्सशिवायही ओळखलं असतं. मी एल दाबला.

मग सी वर गेलो आणि काम सुरू केलं. 'एकोणचाळीस मिनिटे शिल्लक' असं आलं, तेव्हा वीज गेली. भारनियमन होतं. तीन तासांनी वीज आली, पुन्हा एकोणचाळीस मिनिटे. ती संपायच्या आत मशीनने पंचवीस अक्षरांचा नंबर मागितला. तो नंबर लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर होता. पालथा करावा, तर पिनेचा कोन हलून सगळं बंद पडणार.

म्हणून मी लॅपटॉप दोन्ही हातांनी वर उचलला. बाबा शेजारी उभं राहून पिन धरून होते. सुलभा जमिनीवर उताणी पडली आणि टॉर्चच्या उजेडात खालून वाचू लागली.

"बी... नायतर आठ."

"बी की आठ, ता नक्की सांग," मी म्हटलं. माझे हात भरून आले होते.

"पुसलेलां आसा. अर्धो बी दिसता."

"अर्धो बी म्हणजे तीन," बाबा म्हणाले.

एवढ्यात शेजारच्या काकी वाटीभर साखर मागायला दारात आल्या. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि काही न विचारता परत गेल्या. वाडीत दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कसली तरी पूजा झाल्याचं पसरलं.

चौथ्या खेपेला नंबर बरोबर लागला. संध्याकाळी हिरवं कुरण आणि निळं आकाश पडद्यावर आलं. लॅपटॉप नव्यासारखा पळत होता. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला पुढे बरेच दिवस दुखली.

कारण आत पाहिलं, तर सी होता आणि डी नव्हता. त्याच्या जागी नुसती रिकामी जागा. मला वाटलं, डी लपला असेल. कोर्सात शिकवल्याप्रमाणे मी त्या जागेचा नवा कप्पा केला, फॉरमॅट मारला. डी परत आला. पण पार कोरा. मला धक्का बसला. डोकं थाऱ्यावर आणावं म्हणून मी त्यात भजनांच्या दोन सीड्या उतरवून पाहिल्या. उतरल्या. म्हणजे डी ठीक होता, फक्त बाबा त्यात नव्हते.

मी म्हशीशेजारी गेलो आणि काय काय दाबलं ते प्रशांतला फोनवर सांगितलं.

"तुम्ही डी का दाबलात?" प्रशांतने विचारलं.

"डी बघायचा होता म्हणून."

"भावोजी, तिथे डी म्हणजे डिलीट."

"आणि एल?"

"एल म्हणजे हो, खरंच डिलीट. तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटलं ते मी सांगितलं नाही. "आता परत येईल?"

"नंतर त्याच्यावर काही टाकलं नसेल, तर कदाचित येईल."

मी भजनांचं सांगितलं.  तो म्हणाला, "भजनं तरी चांगली आहेत ना?"

पुढचे तीन दिवस मी चोरासारखा घरात वावरलो. संध्याकाळी चहा झाला की बाबा हाक मारीत, "काढ ता. तिसाव्या खुणेचा सांगतंय." पहिल्या दिवशी मी वीज नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी वीज होती, मी व्होल्टेज कमी आहे म्हणालो. तिसऱ्या दिवशी शाळेचं काम काढलं. हिवाळाभर एक म्हातारा माणूस डोळे मिटून, आठवून आठवून सांगत होता आणि मी ते दोन बटणांत घालवलं होतं. जेवण जाईना. चौथ्या दिवशी सुलभा म्हणाली, "तू सांगतंस, काय मी सांगू?"

बाबा पडवीत जाळं दुरुस्त करत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, डी आणि एलसकट. बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की ठसका लागून सुलभाला पाणी आणावं लागलं.

"गेलां ता बरां झालां," ते म्हणाले. "ती सगळी खोटी होती."

"खोटी?"

"कळस खरो, ताड खरो. पण एकमेकांच्या समोर येतत ते दुसरेच. मुंबयचा यंत्र, तेच्यातसून कोण काय काढून न्हेयत, तुका ठाऊक आसा? आणि तुझीय परीक्षा घेवक होई होती. गेल्या महिन्यात भास्कर सातव्या खुणेर गेल्लो. रिकामो इलो, वर जाळां फाडून घेतल्यान. तेका ती खूण कोणी सांगल्यान?"

मी जाळ्याचं एक टोक ओढून नीट करू लागलो. (भास्कर माझा चुलतभाऊ. त्याला मी एकच खूण सांगितली होती, आणि तीही कुणाला न सांगण्याच्या अटीवर.)

"पण बाबा, खरी खंय तरी लिवूक होयी."

"व्हय, होयी," बाबा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "माझो काय भरवसो? गो सुलभा, लांब वही घी आणि हयसर बस. पयल्यापासून सांगतंय."

सुलभा वही घेऊन आली. मीही सावरून बसलो. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू जरा भायर फिरून ये," ते म्हणाले.

पावसाळ्यापर्यंत चाळीसच्या चाळीस खुणा वहीत उतरल्या. वही सुलभा कुठे ठेवते, ते मला माहीत नाही. लॅपटॉप मात्र त्यानंतर चार वर्षं वाऱ्यासारखा पळाला. त्याच्यात ठेवायला मला कुणी काही दिलंच नाही.