घरच्यांनी शेवटी

दाताच्या त्या दवाखान्यात लोक सुईला घाबरायचे, पण त्याहून जास्त काउंटरताईला. खुर्ची आतल्या खोलीत आणि खुर्चीपर्यंतची वाट हिच्या फोनमधून. कोण आज येणार आणि कोण उद्या, हे ती ठरवायची. डॉक्टरीणबाईंनी हे काम पहिल्याच वर्षी तिच्या गळ्यात मारलं होतं, आणि तिनं ते दागिन्यासारखं मिरवलं.

"दाढ दुखणारा प्रत्येक माणूस मरायलाच टेकलेला असतो. खरा कोण टेकलाय ते आपण ओळखायचं," असं ती म्हणायची. आणि ओळखायची. फिलिंग निघालंय, पण दुखत नाही? मग उद्या या, तोवर त्या बाजूनं चावू नका. दाढ काढली आणि रक्त थांबत नाही? स्वच्छ कापडाची घडी त्या जागी ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरा, सारखं उघडून बघू नका, चुळा भरू नका, आणि तरी थांबलं नाही तर निघा. एका गृहस्थांनी दुखऱ्या दाढेपाशी डोकेदुखीची गोळी दाबून ठेवली आणि हिरडी भाजून घेतली. "गोळी गिळायची असते हो, दाढेला बांधायची नसते," असं म्हणून ताई दिवसभर हसली.

पण पडझडीत दात मुळासकट बाहेर आला की तिचं हसू पळायचं. एका बापानं मुलाचा पक्का दात नळाखाली ब्रशनं लख्ख घासून, कागदात गुंडाळून आणला होता. ताई त्याच्यावर अशी कडाडली की आतल्या पेशंटनं न सांगता तोंड उघडलं. "भांडं आहे का ते घासायला? पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही, दुधात टाकायचा आणि पळत सुटायचं!" बाप बिचारा कान धरायचाच बाकी राहिला होता.

आणि सूज. सूज हा शब्द ऐकला की ती खुर्चीत सरळ व्हायची. तोंड पूर्ण उघडतंय का? थुंकी गिळता येते का? ताप आहे का? सूज जबड्याखाली मानेकडे उतरली असेल, गिळवत नसेल, आवाज बदलला असेल, श्वास जड झाला असेल, तर "इकडे येऊच नका, आत्ताच्या आत्ता मोठं हॉस्पिटल गाठा" असं ती ठणकावून सांगायची. दाढेतला पू खाली उतरला की गळा आतून आवळत जातो, हे डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं होतं. असा एक रिक्षावाला तिच्या प्रश्नांमुळे वाचला होता. तो येताजाता तिला हात जोडायचा, आणि ती "पुरे, पुरे" म्हणत खूश व्हायची.

दवाखान्याचा आणखी एक रिवाज होता. काम करणाऱ्यांचे नातेवाईक सगळ्यात शेवटी. पूर्वी कुणाची वहिनी, कुणाचा मामा मधेच घुसायचे आणि बाहेर बसलेले लोक बोटं मोडायचे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हे साध्या तपासणीपुरतं ठरवलं होतं. ताईनं त्याचा कायदा करून टाकला. स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा तिनं गाल धरून ताटकळत बसवलं होतं. "ताईंकडे वशिला नाही," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून तिला मूठभर मांस चढायचं.

तिची एक थोरली बहीण होती, अक्का. आई गेली तेव्हा ताई शाळेत होती. अक्कानं स्वतःची शाळा सोडली, शिलाई मशीन धरलं आणि शाळांचे गणवेश शिवून शिवून धाकटीला शिकवलं. दुसऱ्याला शिंक आली तर काढा घेऊन धावणारी बाई, स्वतःचं दुखणं मात्र कुणाला कळू द्यायची नाही. अशा माणसांचा रागच येतो. त्यांच्या चांगुलपणाची किंमत शेवटी दुसऱ्यांना मोजावी लागते.

तर या अक्काची खालची शेवटची दाढ किडली होती. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सूज उतरली की काढून टाकू म्हणाल्या. थोड्याच गोळ्यांनी बरं वाटलं. अक्कानं उरलेल्या "पुढं कधीतरी लागतील" म्हणून डब्यात ठेवून दिल्या. मग गणवेशांचा हंगाम आला, आणि दाढ राहून गेली.

एका सोमवारी सकाळी अक्काचा फोन आला. सोमवार म्हणजे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. दुसरा फोन वाजत होता, समोर एक आजोबा तुटलेली कवळी घेऊन उभे होते.

"धाकटे, दाढ दुखायची थांबली बघ," अक्का म्हणाली. "गाल तेवढा सुजलाय."

तिचं बोलणं जड येत होतं, तोंडात घास असल्यासारखं.

"आधी खाऊन घे, मग बोल," ताई म्हणाली.

अक्का हसली. म्हणजे हसल्यासारखा काहीतरी आवाज आला.

"दुखत नाही ना? मग संध्याकाळी ये. शेवटी घेते तुला."

"बरं," अक्का म्हणाली. तिनं आयुष्यभर धाकटीला 'बरं'च म्हटलं होतं.

ती दुपारीच आली. भाऊजी बस चालवायचे. कामावर जाताना तिला दारात सोडून ते पुढे गेले. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, तोंडावर हातरुमाल धरून. ताईनं काउंटरवरून बघितलं आणि हातानंच 'थांब' म्हणून खूण केली. अक्कानं मान हलवली. मग एका छोट्या मुलीला घेऊन तिची आई धावत आली. झोपाळ्यावरून पडून पुढचा दात तुटला होता, ओठ फाटला होता. तिला लगेच आत घेतलं. बसायला जागा उरली नाही तेव्हा अक्का उठली आणि त्या आईला आपली खुर्ची दिली. भिंतीला टेकून उभी राहिली. अधूनमधून रुमालानं ओठ टिपत होती. ताईला वाटलं, घाम पुसतेय. उकाडा होताच. तिला मनातून अभिमानही वाटला, की माझी बहीण बघा, एका शब्दानं घाई करत नाही.

तिला एका शब्दानंसुद्धा घाई करता येत नव्हती.

डॉक्टरीणबाई मुलीला सोडायला बाहेर आल्या, भिंतीकडे नजर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी अक्काचा रुमाल बाजूला केला. तो लाळेनं ओलाचिंब होता. हनुवटीखालून गळ्यापर्यंत सूज लाकडासारखी घट्ट झाली होती आणि दातांच्या मधून बोटसुद्धा आत जात नव्हतं.

"या कधीपासून उभ्या आहेत?"

ताईनं फोन तसाच टाकला आणि धावत येऊन अक्काला धरलं.

मोठ्या हॉस्पिटलाकडे निघालेल्या गाडीत अक्का आडवी होईना, आडवी झाली की श्वास कोंडायचा. पुढे झुकून बसली होती आणि ताईनं तिला मागून धरलं होतं. तेव्हा ताईच्या लक्षात आलं की थुंकी गिळता येते का, हे आपण अख्ख्या गावाला विचारतो, हिला विचारलं नाही. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं, दाढेतली नस मेली तरी दुखायचं थांबतं, हेही ती लोकांना बजावत असे. सगळं तोंडपाठ होतं. आपलं माणूस समोर उभं राहिलं आणि सगळं पाण्यात गेलं.

हॉस्पिटलात त्यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली, पू काढला, औषधं चढवली. विष रक्तात उतरलं होतं. तिथले डॉक्टर कुणाला दोष न देता एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली.

बाहेरच्या बाकावर भाऊजी कालच्या कामाच्या कपड्यांतच बसले होते. ताईला जवळ बसवून म्हणाले, "सकाळीच मी म्हणत होतो, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. तर म्हणाली, माझी बहीण आहे तिथे, ती बघेल. तुझ्याकडे सोडलं तेव्हा मी निर्धास्त झालो बघ. तू तुझ्या परीनं केलंस, मनाला लावून घेऊ नको."

ताईला हे खपलं नाही. शिव्या खपल्या असत्या.

"भाऊजी, ती दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. मीच तिला थांबवलं. घरची म्हणून शेवटी ठेवली."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. ताई वाट बघत होती की आता ते ओरडतील, हाकलून देतील. तिला तेच हवं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा दाबून धरला, रडले, आणि मग खाली बघत म्हणाले, "पोरीला हे सांगू नकोस. कधीच नको. आईच्या जागी तिला आता तू एकटीच आहेस."

तेवढ्यात भाची आली. परगावच्या कॉलेजातून थेट आली होती, पाठीवर पिशवी तशीच. ती बापाकडे गेली नाही, मावशीच्या कुशीत शिरली आणि हुंदके देत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"मावशी, आई एकटी नव्हती ना? तू होतीस ना तिच्याजवळ?"

भाऊजी ताईकडेच बघत होते.

"होते गं," ताई म्हणाली. "समोरच होते."