कावळा शिवेपर्यंत

माझा नवरा अविनाश मार्चमध्ये, एका मंगळवारी, हॅम्बर्गच्या इस्पितळात वारला. जूनमध्ये त्याची शेवटची रचना वाजायची होती.

सिन्नरहून आम्ही निघालो, तेव्हा सासूबाईंनी त्याला विचारलं होतं, "चेंबर म्युझिक म्हंजे काय रे? आपल्या गल्लीतलं चेंबर तुंबतं, त्यातलं?"

"आई, चेंबर म्हणजे खोली. लहानशा खोलीत, चार माणसांनी वाजवायचं."

"मग खोली इथं नव्हती का?"

तो इथे, हॅम्बर्गला शिकला, शिकवू लागला, आणि दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो या चौघांसाठी लिहीत राहिला. तालमीला स्वतः बसायचा. कुठे किती थांबायचं ते बोट उचलून दाखवायचा.

या वेळी बोट नव्हतं. शेवटच्या पानावर चौघं एकदम थांबतात. त्यावर त्याने फक्त विरामाची खूण केली होती. चेलो वाजवणाऱ्या आनाने मला बोलावून घेतलं. "आम्ही किती थांबायचं? कमी थांबलो तर ते नुसतं श्वास घेणं होतं. जास्त थांबलो तर लोक संपलं समजून टाळ्या वाजवतील."

मला स्वरलिपी वाचता येत नाही. पण ती शांतता मला ओळखीची होती.

आम्ही देश सोडला त्याच्या आदल्या महिन्यात माझे सासरे, अण्णा, गेले. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. मुलानेही तिथेच लागावं म्हणून अडून बसलेले. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून राहिले. नातेवाइकांनी एकेक वचन देऊन पाहिलं. "घराचं राहिलेलं काम पुरं करू, अण्णा." "गाय विकणार नाय." चुलतसासरे पुटपुटले, "जित्तेपणी तरी कुठं लवकर ऐकायचा!" मग कोणीच बोलेना. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. "जाऊ द्या पोराला. मी हाय ना इथं." त्यानंतरही आम्ही थांबलोच. मग एक कावळा खाली उतरला.

मी आनाला म्हटलं, "मोजू नका. वाट पाहा."

"कोणाची?"

"कावळ्याची."

एक व्हायोलिनवाला हसला. मी सगळं सांगितल्यावर त्याने वाद्य मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

जूनमध्ये चौघांचे गज हवेत थांबले. कोणी खोकलं नाही, कोणी हललं नाही. गोदावरी ज्यांनी कधी पाहिली नाही, अशी सभागृहभर माणसं कशाची तरी वाट पाहत होती, आणि ते येईल की नाही याची त्यांना खरोखर धास्ती वाटत होती. इतकी वर्षं मी अविनाशच्या शेजारी बसून जेवले, त्याच्याशी भांडले. पण त्याला हे करता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग व्हायोलिनचा एक बारीक स्वर आला.

दुसऱ्या दिवशी फोनवर सासूबाई म्हणाल्या, "आता एकटी काय करतीस तिथं? ये निघून, बाई."

मी त्यांना दिवाळीत भेटायला जाणार आहे, राहायला नाही. अविनाशच्या रचना वाजवणारी माणसं इथे आहेत. त्यांना काही अडलं, तर विचारायला मी आहे.